संशोधनाचा निधी आणि डॉक्टर बायका : गळती नेमकी कुठे होते?

सुरंगी (धागाकर्ती)

आमच्या एमबीबीएसच्या जुन्या गटात परवा एकाने लिहिलं, की मेडिकलच्या वर्गांत आता निम्म्याहून जास्त मुलीच दिसतात, तेव्हा संशोधनाच्या पैशांत बायकांवर अन्याय होतो हे रडगाणं बंद करा. दोन ओळींत उत्तर देण्याजोगा हा विषय नाही, म्हणून इथे सविस्तर मांडते. मी पॅथॉलॉजीची, घर फोंड्याला. निधीसाठी अर्ज करणं, तो नाकारला जाणं, पुन्हा करणं, सगळं केलेलं आहे.

प्रस्ताव समितीपुढे आला आणि वर बाईचं नाव दिसलं म्हणून कोणी तो बाजूला टाकतं, असं मी म्हणत नाही. बायका मागे पडतात त्या दोन जागी. एक, जिथे कामाऐवजी माणूस जोखला जातो. दुसरी जागा प्रस्तावाच्याही आधीची आहे, साधारण अठ्ठाविसाव्या वर्षापासून अडतिसाव्यापर्यंतची.

पहिल्या जागेचा सगळ्यात स्वच्छ पुरावा कॅनडातून आला. तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेने २०१४ मध्ये निधीच्या दोन वेगळ्या योजना केल्या. एकीत परीक्षक मुख्यतः प्रस्तावित संशोधन तपासत. दुसरीत भर होता शास्त्रज्ञावर : हा माणूस किती मोठा, याच्यात नेतृत्व आहे का. ७,०९३ संशोधकांचे २३,९१८ अर्ज तपासून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. वय आणि संशोधनाचं क्षेत्र हिशेबात धरूनही पहिल्या योजनेत स्त्रियांचं यश पुरुषांपेक्षा ०.९ टक्क्याने कमी होतं, दुसरीत ४ टक्क्यांनी. एकंदरीत शंभरातल्या पंधरा-सोळा अर्जांनाच पैसे मिळत होते, तिथे चारचा फरक केवढा हे बघा. देश तोच, संस्था तीच. बदलला तो परीक्षकाला विचारलेला प्रश्न.

आता दुसरी जागा. बारावीनंतर साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि इंटर्नशिप. नीट-पीजीचा एकही प्रयत्न वाया गेला नाही तरी एमडी-एमएस हातात येईपर्यंत सत्ताविशी येते. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर वर्षभर सीनियर रेसिडेन्सी. डीएम किंवा एमसीएच ही त्यापुढची विशेष पदवी करायची तर आणखी तीन वर्षं. स्वतःच्या नावाने पहिला प्रस्ताव लिहायची वेळ आणि मूल होण्याची वेळ एकच पडते. प्रसूती रजा सहा महिन्यांची मिळते, ते चांगलंच आहे. पण रजेवरून परत आल्यावर वॉर्ड, ओपीडी, शिकवणं यातलं काहीच टाळता येत नाही. संशोधन टाळता येतं, म्हणून तेच टळतं.

शिवाय बहुतेक सरकारी योजनांना मुख्य संशोधक कायम नोकरीतला लागतो. कंत्राटावर असलेल्या बाईला प्रस्ताव दुसऱ्याच्या नावाने द्यावा लागतो. गोव्याबाहेरच्या एका कॉलेजात माझ्या बाबतीत हेच झालं. कल्पना माझी, लिखाण माझं, मुख्य संशोधक म्हणून नाव कायम नोकरीतल्या सरांचं. सरांनी फसवलं नाही, नियमच तसा होता. पण पुढे दुसऱ्या एका समितीने ‘याआधी किती निधी मिळवला’ असं विचारलं तेव्हा माझा रकाना कोरा होता. दुसऱ्या जागी झालेली गळती पहिल्या जागी माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. या दोन जागा अशा एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

गोव्यात हे जास्त टोचतं, कारण राज्यात सरकारी मेडिकल कॉलेज एकच. १८४२ ची एस्कोला मेडिका ही पोर्तुगीज काळातली वैद्यकशाळा ते आजचं बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, परंपरा मोठी आहे, पण संस्था एक. मुंबई-पुण्यात एका जागी जमलं नाही तर लोकलने जाण्याच्या अंतरावर दुसरी जागा असते. इथे राज्य सोडावं लागतं, आणि लहान मूल असलेली बाई ते सहज सोडत नाही.

माझ्या मागण्या तीनच. प्रस्ताव आधी वाचा, संशोधकाची कारकीर्द नंतर उघडा. वयाऐवजी पदवीनंतरची वर्षं मोजा आणि त्यातून रजेचा काळ वजा करा. कंत्राटी शिक्षकांना मुख्य संशोधक होऊ द्या. विरोध असेल तर जरूर लिहा.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवत होतो, आता म्हापशाला असतो. सुरंगीताई, कॅनडाचा अभ्यास चांगला आहे. पण या विषयात एकेक अभ्यास उचलून निष्कर्ष काढण्याची सवय वाईट, त्याचं उदाहरण देतो.

नेदरलँड्समध्ये २०१० ते २०१२ या काळात तरुण संशोधकांनी केलेल्या २,८२३ अर्जांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांना यश १७.७ टक्के, स्त्रियांना १४.९ टक्के. जगभर मथळे झाले. काही आठवड्यांत दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी विषयवार मांडून दाखवली. नऊ विषयगटांपैकी चारांत स्त्रिया पुरुषांच्या पुढे होत्या. एकूण आकड्यात त्या मागे दिसल्या याचं मोठं कारण असं, की ज्या विषयांत सगळ्यांनाच पैसे कमी मिळतात त्या विषयांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात तो हाच.

अमेरिकेतही पाहा. २००६ ते २०१७ या काळात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून पहिल्यांदा निधी मिळवणाऱ्या स्त्रियांची मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारी) रक्कम १,२६,६१५ डॉलर, पुरुषांची १,६५,७२१. हा आकडा सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासात ‘आर-झिरो-वन’ या मोठ्या अनुदानात स्त्रियांची रक्कम पुरुषांपेक्षा सुमारे सोळा हजार डॉलरने जास्त निघाली, ते कोणी सांगत नाही.

तेव्हा प्रश्न भेदभावाचा कमी आणि कोण कुठली शाखा निवडतं याचा जास्त आहे. ज्या शाखांत पैसा कमी तिथे बायका जास्त, एवढंच यातून सिद्ध होतं.

सुरंगी

आकडेमोड सर, तो नेदरलँड्सचा विषयवार तक्ता माझ्यापुढे आहे. तुम्ही नऊ ओळी म्हणालात. आपल्या धाग्याचा विषय ज्या ओळीत आहे ती वाचू या. वैद्यकीय विज्ञान : पुरुषांचे २४५ अर्ज, त्यांतले ४६ मंजूर. स्त्रियांचे २६० अर्ज, २९ मंजूर. म्हणजे पुरुष जवळजवळ १९ टक्के, स्त्रिया ११ टक्के. इथे शाखा एकच आहे, अर्ज जवळपास सारखे आहेत, उलट स्त्रियांचे थोडे जास्तच. सिम्पसनचा विरोधाभास भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र मिसळल्यावर येतो. वैद्यकाच्या एका ओळीत तो कुठून आला?

आकडेमोड

ओळ बरोबर वाचलीत. ती एकटी घेतली तर फरक लक्षणीय ठरतो, हेही मान्य. पण नऊ ओळी तपासल्या की त्यांत एखादी अशी योगायोगाने निघण्याची शक्यता वाढते, आणि ती दुरुस्ती केली की हा फरक निःसंशय राहत नाही. शिवाय ‘वैद्यकीय विज्ञान’ ही एक शाखा नव्हे. त्यात प्रयोगशाळेतला कर्करोग आहे, नर्सिंग आहे, सार्वजनिक आरोग्य आहे. त्या ओळीच्या आतही तोच विरोधाभास लपलेला असू शकतो.

शल्यक

मी मडगावात सर्जरी करतो. पूर्वी सरकारी नोकरीत होतो, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. स्पष्ट लिहितो.

गोव्यात संशोधनाला वेळ मिळत नाही ही तक्रार खरी. पण ती पुरुषालाही मिळत नाही. बांबोळीला पेडणे ते काणकोण अख्खा गोवा येतो, वर सावंतवाडी-दोडामार्गचे आणि कारवारचे रुग्ण. ओपीडी संपायला दुपार उलटते. त्यानंतर ओटीची, म्हणजे शस्त्रक्रियांची यादी, रात्रीचे अपघात. आमच्या पिढीतल्या किती पुरुष सर्जननी निधी आणून संशोधन केलं? हाताच्या बोटांवर मोजता येतील. बढतीसाठी शोधनिबंध लागतात म्हणून लोक कसेबसे दोन-तीन निबंध छापून आणतात, ज्यांचा रुग्णाला काही उपयोग नसतो. ज्या घरात मुळात जेवणच शिजत नाही तिथे मुलाला जास्त वाढलं की मुलीला, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरं, शाखेचं. पीजीला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. यादीत नाव वर असेल तर मुलीला ऑर्थो, म्हणजे हाडांची सर्जरी, घेण्यापासून कोणी अडवत नाही. त्या गायनॅक, पेडिऍट्रिक्स, पॅथॉलॉजी, भूल, त्वचारोग घेतात, कारण तिथे आयुष्याचं गणित बसतं. ती निवड आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. अमेरिकेत सुद्धा ऑर्थो सर्जनांत बायका शंभरात पाच-सहा आणि गायनॅकमध्ये निम्म्याहून जास्त. तिथल्या समित्यांनी कट केला म्हणून हे झालेलं नाही.

माझ्या मुलीसारख्या विद्यार्थिनींना मी हेच सांगतो, की गुणवत्तेवर या, कोणी थांबवणार नाही.

रातपाळी

शल्यक सर, मी ऑर्थोची रेसिडेंट आहे. डिचोलीची मुलगी, शिकते राज्याबाहेर. प्रवेशाला कोणी अडवलं नाही हे अगदी खरं. अडवणं प्रवेशानंतर सुरू होतं, आणि ते कुठल्याच कागदावर नसतं.

पहिल्या महिन्यात एका वरिष्ठांनी विचारलं, “लग्न कधी करणार?” माझ्याबरोबरच्या मुलांना विचारलं नाही. प्रश्न प्रेमानेच विचारला होता. पण त्यानंतर जो लांबचा, तीन-चार वर्षं रुग्णांच्या मागावर राहण्याचा अभ्यास विभागात सुरू झाला, त्यात मला घेतलं नाही. कारण दिलं की तू मध्येच रजेवर गेलीस तर डेटा अडकेल. मी तेव्हा रजेवर जाणार नव्हते, आजही जाणार नाही. त्या अभ्यासात ज्याला घेतलं त्याचं नाव उद्या शोधनिबंधावर येईल. तो निबंध त्याच्या अर्जाला जोडला जाईल. मग आकडेमोड सर म्हणतील की अर्जाची गुणवत्ता बघता फरक दिसत नाही. गुणवत्ता कुठून आली, तेही त्या तक्त्यात मावायला हवं.

आणखी एक सांगते, कारण शाखेत बायका असल्या-नसल्याने संशोधनाचा प्रश्नच कसा बदलतो ते यात दिसतं. ऑर्थोत आम्ही सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली काम करतो, म्हणजे किरणोत्सर्ग रोजचा. अंगावर शिशाचा एप्रन असतो. त्या एप्रनला हात घालायला जी मोकळी जागा असते, तिथून स्तनाचा काखेकडचा भाग उघडा राहतो. आणि स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी त्याच भागात होतात. अमेरिकेत स्त्री ऑर्थो सर्जनांच्या सर्वेक्षणात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं, तेव्हा एप्रनच्या कापावर, त्याला बाह्या जोडण्यावर संशोधन सुरू झालं. एप्रन कित्येक दशकं तोच होता. शाखेत बायकाच नव्हत्या म्हणून हा प्रश्न कोणाला पडला नाही. शाखेत शंभरात पाच बायका असणं ही निवड असेल, सर, पण त्या निवडीमुळे काय तपासलं गेलं नाही याची किंमत आम्ही भरतो.

शल्यक

रातपाळी, तुझ्या बाबतीत जे झालं ते चूक झालं. अभ्यासातून वगळायला नको होतं. एप्रनचा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता, तो महत्त्वाचा आहे. पण एका विभागातल्या वरिष्ठांची वागणूक हा निधीच्या नियमांचा दोष कसा ठरतो? माणसं सुधारायला हवीत. नियमात बायकांसाठी वेगळी वाट काढली, की तुझ्यासारख्या मुलीने मेहनतीने मिळवलेलं यशही लोक सवलतीचं म्हणतील. ते मला नको आहे.

तिसवाडी

मी निवृत्त आहे, मेडिसिनची प्राध्यापक होते. वेगळ्या वाटेबद्दल शल्यक यांच्याशी बरीचशी सहमत आहे, पण कारण निराळं.

स्त्रियांसाठी योजना कमी नाहीत. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची योजना कितीतरी वर्षांपासून आहे. जैवतंत्रज्ञान खात्याची ‘बायोकेअर’ आहे. २०२० मध्ये तेव्हाच्या विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळाने ‘पॉवर’ आणली. प्रत्येक योजनेने काही जणींना हात दिला हे मी जवळून पाहिलंय. पण या योजना आल्यावर मुख्य समित्यांमध्ये बसणाऱ्यांच्या मनात एक पळवाट तयार झाली : ‘बायकांसाठी वेगळं आहे की.’ मुख्य प्रवाहातला पैसा जसा वाटला जात होता तसाच वाटला जात राहिला.

‘पॉवर’चंच घ्या. आयआयटी, केंद्रीय विद्यापीठं, राष्ट्रीय प्रयोगशाळा इथल्या स्त्रियांना तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत ठेवले होते. राज्य विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या स्त्रियांना ३० लाखांपर्यंत. म्हणजे स्त्रियांसाठीच्या योजनेतही पहिला प्रश्न ‘तू कुठली?’ हाच होता. सुरंगी म्हणते तो माणूस जोखण्याचा रोग तिथेही आहे, फक्त माणसाच्या जागी संस्था आली.

आणि वर बाई बसली की सगळं सुधारतं, यावरही माझा विश्वास नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी नव्वदच्या दशकात डॉ. जी. व्ही. सत्यवती होत्या, २०१५ ते २०१७ डॉ. सौम्या स्वामिनाथन होत्या. कोविडच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या प्रमुख डॉ. प्रिया अब्राहम होत्या. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेवर निवडून आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणजे डॉ. गगनदीप कांग, २०१९. सगळ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण यांतल्या अब्राहम आणि कांग दोघी मायक्रोबायोलॉजीच्या, प्रयोगशाळेशी जोडलेल्या शाखेतल्या. सर्जरीच्या किंवा हृदयरोगाच्या विभागातून अशी किती नावं पुढे आली, ते आठवून बघा.

मला हवी आहे ती एकच गोष्ट : आठवड्यातून ठरलेला एक दिवस संशोधनाचा, वेळापत्रकात लिहिलेला, स्त्री-पुरुष दोघांनाही. तो दिवस नसेल तर पुरुष संध्याकाळी सात ते दहा थांबून संशोधन करतो, कारण घरी कोणीतरी स्वयंपाक केलेला असतो. बाई सात ते दहा थांबू शकत नाही. वेळ सगळ्यांनाच नाही, हे शल्यक यांचं म्हणणं बरोबर. पण नसलेला वेळ चोरून आणायची मुभा दोघांना सारखी नाही.

सुरंगी

बाई, एका दिवसाची मागणी माझ्या तीनमध्ये चौथी म्हणून धरते. वेगळ्या योजना बंद कराव्यात असं मात्र मला वाटत नाही. मुख्य दार रुंद होईपर्यंत त्या राहू द्याव्यात. पूल बांधायचा आहे म्हणून फेरीबोट आधीच बंद करत नाहीत.

इंडिया अलायन्स, म्हणजे केंद्राचं जैवतंत्रज्ञान खातं आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची निधीसंस्था, तिच्या फेलोशिपमध्ये वयाची अट नाही, संशोधनातल्या अनुभवाची वर्षं मोजतात, खंड असेल तर तो धरतात. डॉक्टरांसाठी वेगळी फेलोशिप आहे. म्हणजे माझी दुसरी मागणी स्वप्नातली नाही, आपल्याच देशात ती चालू आहे.

म्हादई

वाळपईहून लिहिते. डॉक्टर नाही, सामाजिक आरोग्याच्या अभ्यासांत माहिती गोळा करण्याचं आणि पुढे त्यावर देखरेखीचं काम केलं आहे. इथे आतापर्यंत सगळी चर्चा संशोधक बाई की बाप्या, यावर चालली आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो प्रश्न : पैसा कुठल्या आजाराला जातो?

अमेरिकेतल्या निधीचं एक विश्लेषण २०२१ मध्ये आलं. ज्या आजारांचा भार मुख्यतः बायकांवर पडतो, त्यांना त्या भाराच्या मानाने पैसा कमी आणि मुख्यतः पुरुषांवर भार असलेल्या आजारांना जास्त, असा त्याचा कल होता. मायग्रेन, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाल बाहेर वाढण्याचा आजार) असले आजार त्या पहिल्या टोपलीतले.

आणि गोव्यातलंच उदाहरण देते. आल्दोनाच्या परिसरात ‘स्त्री आरोग्य शोध’ नावाचा मोठा अभ्यास झाला. अंगावरून पांढरं जाणं ही बायकांची अगदी सर्रास तक्रार. डॉक्टर ती ऐकली की जंतुसंसर्ग धरून गोळ्या देत. या अभ्यासात दिसलं, की तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी जास्त होता. म्हणजे कित्येक बायका वर्षानुवर्षं नको ती औषधं घेत होत्या आणि त्यांचं खरं दुखणं कोणी विचारलं नव्हतं. हे काम कोणी केलं? त्याच्या नेतृत्वात डॉ. विक्रम पटेल होते, पुरुष. १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ संस्था उभी करणाऱ्यांपैकी. त्यांच्या चमूत स्त्री-पुरुष दोन्ही होते. पुढे याच संस्थेने ‘मानस’ प्रयोगात गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले आणि २०१० मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

म्हणून संशोधक बाईच हवी असा हट्ट मला पटत नाही. प्रश्न बायकांचा हवा. बाईला निधी मिळाला आणि तिने पुरुषांवरच्याच औषधचाचणीचं आणखी एक पान भरलं, तर आमच्या सत्तरी तालुक्यातल्या बाईला काय मिळालं?

रातपाळी

म्हादईताई, एप्रनचा प्रश्न बायका शाखेत आल्यावरच विचारला गेला. प्रश्न बायकांचा हवा असेल तर विचारणाऱ्यांत बायका असायला नकोत का?

म्हादई

असाव्यातच. मी म्हणते ते एवढंच, की मोजताना फक्त डॉक्टरांची डोकी मोजू नका. मोठ्या अभ्यासांत घरोघर फिरणाऱ्या, भर पावसात वस्तीवर जाऊन तासभर प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, सगळ्या कंत्राटावर. प्रकल्प संपला की घरी. त्यांच्यातली कोणी पीएचडीपर्यंत जाते का, याची मोजणी या संपूर्ण वादात कुठेच नाही. सुरंगीताईंच्या तिसऱ्या मागणीत कंत्राटी शिक्षक आहेत, त्यात या मुलीही धरा.

पाटो

सरकारी हिशेब खात्यात नोकरी, बायको बालरोगतज्ज्ञ. कॅनडा, नेदरलँड्स, अमेरिका झालं. गोव्याचा आकडा इथे कोणीच दिलेला नाही. तो मिळवायचा मार्ग आहे.

१९९५ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पीएचडीनंतरच्या वीस फेलोशिप दिल्या. अर्जदार ११४, त्यांत ५२ स्त्रिया. वीसपैकी स्त्रिया चार. क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोघींनी परीक्षकांचे गुणच मागितले. परिषदेने नकार दिला. स्वीडनमध्ये सरकारी कागद पाहण्याचा हक्क जुना आहे, त्याच्या आधारे त्या न्यायालयात गेल्या आणि कागद मिळवले. निष्कर्ष १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला : पुरुषाइतकेच गुण मिळवायला बाईला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. आणि दुसरी गोष्ट, जी गोव्यासारख्या छोट्या राज्यात विसरता कामा नये : समितीतल्या कोणाशी अर्जदाराचा संबंध असला की त्याचाही जवळपास तेवढाच फायदा होत होता. इथे तर निम्मे एकमेकांचे शेजारी नाहीतर सोयरे.

माहितीच्या हक्काचा कायदा करणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यांत गोवा होता, तेही १९९७ मध्येच. आता केंद्राचा २००५ चा आहे. दहा वर्षांत राज्यातल्या सरकारी वैद्यकीय संस्थांतून निधीसाठी किती प्रस्ताव गेले, कुठल्या विभागातून, मुख्य संशोधक स्त्री की पुरुष, कायम की कंत्राटी, मंजूर रक्कम किती. नाव-गाव नको, फक्त आकडे. अर्ज मी लिहून देतो.

आकडेमोड

याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि विश्लेषण मी करून देईन. दोन अटी. मंजूर प्रस्तावांबरोबर नामंजूर आणि कधीच न पाठवलेले, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या संस्थेच्या नीतिसमितीपर्यंत येऊन थांबलेले, तेही मागा. नाहीतर गळती कुठे झाली ते कळणार नाही. आणि फरक निघाला नाही, तरी तो निष्कर्ष इथेच तितक्याच ठळकपणे टाकायचा.

सुरंगी

दोन्ही अटी मान्य. नीतिसमितीची कल्पना फार उपयोगाची आहे, तिथल्या नोंदवहीत प्रस्तावाची पहिली पावलं दिसतील. पाटो, विभागवार मागाल तेव्हा सर्जरीच्या शाखा, मेडिसिनच्या शाखा आणि पॅथॉलॉजी-मायक्रोबायोलॉजी-पीएसएम (सामाजिक वैद्यक) असे गट वेगळे ठेवा. सगळे एकत्र केले तर आकडेमोड सर म्हणतात तोच घोळ होईल.

तिसवाडी

प्रत्येक विभागात त्या वर्षी स्त्रिया किती आणि पुरुष किती नोकरीत होते, हेही विचारा. गायनॅकमध्ये दहांत आठ बायका असतील आणि प्रस्ताव निम्मे पुरुषांचे असतील, तर नुसत्या प्रस्तावांच्या आकड्यात बरोबरी दिसेल.

रातपाळी

एक रकाना वाढवा ना : प्रस्ताव लिहिला तेव्हा घरी सर्वांत लहान मूल किती वर्षांचं होतं.

पाटो

तो या अर्जात चालणार नाही. व्यक्तिगत माहिती म्हणून नाकारतील, आणि त्या एका रकान्यापायी सगळा अर्ज लांबवतील. ते डॉक्टरांनाच विचारावं लागेल.

म्हादई

मग प्रश्नावली करा, पण तिलाही नीतिसमितीची परवानगी लागेल, ती आधी घ्या. मराठी आणि कोंकणीत प्रश्न मी तयार करून देते.

शल्यक

वेगळ्या योजनांबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण प्रश्नावली करणार असाल तर ती बाहेरच्या सर्जननाही द्या आणि पुरुषांनाही द्या. ज्यांनी संशोधन सोडलं त्यांना का सोडलं ते विचारा. मडगाव-कुडतरीकडचे सर्जन मी गाठतो. रातपाळी, तुझा तो रकाना दोघांनाही ठेव.